सशाचे बीळ

मराठी शाळेच्या कोणत्याही वर्गात जाऊन 'ससा कोठे राहतो?' असा प्रश्न टाकला, तर उत्तर एकमुखाने येते : 'बिळात.' त्याचा रंग? 'पांढरा.' डोळे? 'लाल.' उत्तरे देताना मुलांच्या मनात शंका नसते, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्याही मनात बहुधा नसते. परंतु आमच्या रानात हजारो वर्षे वावरत असलेल्या सशाला या तीन उत्तरांपैकी एकही लागू पडत नाही. तो बीळ खणीत नाही; तो पांढरा नाही; आणि त्याचे डोळे गडद तपकिरी आहेत. ज्याचे बीळ नाही त्याला बिळात शोधावयास गेलेल्या माणसाला तो कधीच सापडावयाचा नाही. म्हणून रानातला ससा कसा शोधावा हे सांगण्यापूर्वी, ससा कोणाला म्हणावे याचा निकाल लावणे प्राप्त आहे. वाङ्मयविषयक नियतकालिकात हा विषय कशास, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे आपोआपच येईल.

प्रथम नावाचाच विचार करू. आपला 'ससा' हा संस्कृत 'शश' शब्दापासून आलेला आहे, हे सर्वविदित आहे. परंतु 'शश' म्हणजे मुळात काय? भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते जर्मन 'हाझे' आणि इंग्रजी 'हेअर' या शब्दांशी लावतात, आणि या सर्वांच्या मुळाशी 'करडा' अशा अर्थाचा एक प्राचीन धातू आहे असे मानतात. लॅटिनमध्ये पिकलेल्या केसांना लावले जाणारे विशेषणही त्याच कुळातले आहे. म्हणजे ज्यांनी या प्राण्याला पहिल्याने नाव दिले, त्यांनी त्याच्या रंगावरूनच ते दिले. आणि तो रंग करडा होता. फारसी बोलणाऱ्यांची नजर कानांकडे गेली. त्यांनी 'खरगोश', म्हणजे गाढवाच्या कानांचा, असे त्याचे नाव ठेवले. दोन्ही नावे प्रत्यक्ष पाहून ठेवलेली आहेत. मराठी मुलाला मात्र आज 'करडा' या नावाचा प्राणी पांढरा म्हणून शिकविला जातो.

हा पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणी आला कोठून? तो मूळचा स्पेन आणि पोर्तुगाल या देशांतला. युरोपात माणसाने त्याला मांसासाठी व कातड्यासाठी पाळले, निवडून निवडून त्याच्या पांढऱ्या जाती तयार केल्या, आणि पिंजऱ्यातून तो जगभर गेला. इंग्रज त्याला 'रॅबिट' म्हणतो आणि रानातल्या लांब तंगड्यांच्या सशाला 'हेअर' म्हणतो. त्याच्या भाषेत हे दोन निरनिराळे प्राणी आहेत; आपल्या भाषेत दोघांनाही एकच शब्द. लुईस कॅरल याचे 'अ‍ॅलिस' हे पुस्तक 1865 साली प्रसिद्ध झाले. त्यात घड्याळ बाळगणारा पांढरा 'रॅबिट' बिळात शिरतो, आणि पुढे चहापानाच्या प्रसंगी भेटतो तो 'हेअर' असतो. मराठी अनुवादकाने येथे काय करावे? त्याच्याजवळ 'ससा' हा एकच शब्द. तो दोहोंकडे वापरावा लागतो, आणि भेद पुसला जातो. उलट दिशेनेही असेच घडले. इसापाच्या गोष्टी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली मराठीत आणल्या. कासवाशी शर्यत लावणारा इसापाचा ससा हा 'हेअर' होय, लांब पल्ल्याचा धावणारा. पण आमच्या चित्रकाराने त्या गोष्टीतही विलायती पांढरा ससाच काढला. त्या गुबगुबीत प्राण्याने शर्यत लावली हीच मुळात नवलाची गोष्ट, असे चित्र पाहणाऱ्यास वाटावे.

हा भेद वरवरचा नाही. दोन्ही प्राण्यांची पेशींतील गुणसूत्रे मोजली तर विलायती सशात 44 भरतात आणि आपल्या सशाच्या गणात 48. दोघांची संतती होत नाही. शास्त्रज्ञांनी आपल्या सशास 'लेपस नायग्रिकॉलिस' असे नाव दिले आहे. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'काळ्या मानेचा'. दक्षिणेकडील सशाच्या मानेवर मागच्या बाजूस काळा डाग असतो, उत्तरेकडे जावे तसा तो नाहीसा होऊन मान तांबूस तपकिरी दिसते. जाता जाता विज्ञानशिक्षकांसाठी एक गोष्ट नमूद करतो : ससा उंदराच्या वर्गात बसत नाही. त्याच्या वरच्या जबड्यात पुढील दोन दातांच्या मागे आणखी दोन लहान दात लपलेले असतात. त्यांवरून त्याचा गण निराळा मानला गेला.

आता बिळाकडे वळू. बिळाचा संबंध भित्रेपणाशी नसून जन्माशी आहे. विलायती सशाची पिले सुमारे एका महिन्यात जन्मतात. त्यांच्या अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. त्यांना ऊब व आडोसा हवा, म्हणून आई जमिनीत घर करते. आपल्या सशाची पिले पोटात सहा आठवडे किंवा थोडी अधिक राहतात, आणि जन्मतात ती अंगभर लव घेऊन, डोळे उघडून. ती उघड्यावर, गवतात जन्मतात. ज्या पिलाला पहिल्या दिवसापासून पाहता येते त्याला बिळाची गरज काय? म्हणून या प्राण्याने घर बांधण्याची खटपटच केली नाही. तो दिवसभर गवताच्या मुळाशी अंगाच्या मापाची एक उथळ खळगी करून तीत बसून राहतो. तिला आपण सशाची 'बैठक' म्हणू. कुत्रा अगदी पाठीशी आला तर तो दुसऱ्या कोणाच्या तयार बिळात शिरतो, नाही असे नाही. पण स्वतः ते खणीत नाही.

येथे जाणता वाचक पंचतंत्राचा दाखला पुढे करील, आणि तो योग्यच आहे. तिसऱ्या तंत्रात अवर्षणाने तहानलेले हत्ती चंद्रसरोवरावर येतात, आणि सरोवराभोवतीच्या मऊ भूमीतील सशांची असंख्य बिळे त्यांच्या पायांखाली तुडविली जातात, अशी कथा आहे. मूळ संस्कृतात 'बिल' हाच शब्द आहे. मग पंचतंत्रकाराने ससा पाहिला नव्हता काय? आमच्या मते येथे कथेची गरज निरीक्षणापेक्षा बलवत्तर ठरली आहे. हत्तींच्या येण्याने सशांचा संसार उद्ध्वस्त व्हावा तर त्यांना मोडण्याजोगी घरे हवीत, एक वसाहत हवी, राजा हवा, दूत हवा. वस्तुतः आपला ससा एकलकोंडा आहे. वसाहत करून राहणे त्याच्या स्वभावात नाही. याउलट जातककथांतील ती प्रसिद्ध गोष्ट पाहावी, ज्यात पिकलेले बेलफळ पडल्याच्या आवाजाने 'पृथ्वी फुटली' असे समजून ससा पळत सुटतो. हीच गोष्ट पुढे 'आकाश पडले' या रूपात आमच्या बालवाङ्मयात आली. त्या जातकात ससा बेलाच्या झाडाजवळ एका ताडाच्या रोपाखाली पडून राहिलेला असतो. तो बिळात नसतो, झुडुपाखाली असतो! ज्याने ही कथा प्रथम सांगितली त्याने रानात दुपारी ससा उठविलेला असला पाहिजे. ससा दिवसा असाच बसतो, आणि वर काही पडले की असाच उठतो.

ही बैठक एकदा ध्यानात आली म्हणजे ससा शोधण्याचे अर्धे काम झाले. बाकीचे अर्धे पायांनी करावयाचे आहे. बडोद्याच्या आसमंतात त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सिंधरोटच्या बाजूस महीच्या काठची कोतरे, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, आहेत. पावागडाच्या पायथ्याचे व जांबुघोड्याकडचे झुडुपी रान आहे. सावली, वाघोडिया, डभोई या तालुक्यांतील शेतांच्या कडेला जेथे गौचराची जमीन अजून शिल्लक आहे, तीही चालते. घनदाट अरण्य सशाला नको असते. त्याला आखूड गवत चरावयास हवे, उंच गवत लपावयास हवे, आणि दोहोंमध्ये पळावयास मोकळे मैदान हवे. ही तिन्ही एका हाकेच्या अंतरात जेथे असतील तेथे शोधावे.

ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात गवत कमरेएवढे असते व काही दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषात ते वाळून आडवे होते. वेळ सूर्योदयापूर्वीची किंवा सूर्यास्तानंतरची, कारण ससा रात्री चरतो व उजाडण्याच्या सुमारास बैठकीला येतो. ससा प्रथम दिसत नसतो; त्याच्या खुणा दिसतात. सर्वांत सोपी खूण लेंड्यांची. बकरीच्या लेंड्या लांबट, गुळगुळीत व काळसर असतात. सशाच्या वाटोळ्या, किंचित चपट्या, फिकट आणि हाताने चुरल्यास गवताचा भुसा होणाऱ्या. दुसरी खूण कुरतडलेल्या देठांची. गुरे गवत ओढून तोडतात, त्यामुळे टोक फाटलेले दिसते. सशाने खाल्लेला देठ चाकूने तिरपा छाटावा तसा दिसतो.

तिसरी खूण पावलांची, आणि ती नदीकाठच्या वाळूत उत्तम उमटते. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या खुणेत एक गंमत आहे. धावताना सशाचे पुढचे दोन पाय प्रथम एकामागे एक टेकतात, आणि मागचे लांब पाय त्यांना ओलांडून त्यांच्याही पुढे शेजारी शेजारी पडतात. त्यामुळे वाळूत मागे दोन लहान ठिपके आणि पुढे दोन लांबट ठसे, अशी चौकडी दिसते. अनभिज्ञ माणूस मोठे ठसे मागच्या पायांचे म्हणून ते मागच्या बाजूस असणार असे समजतो, आणि ससा जिकडून आला तिकडेच त्याला शोधीत जातो. मोठे ठसे ज्या बाजूला, ससा त्या बाजूला गेला. इयत्ता सातवीच्या मुलांना आम्ही हे फळ्यावर काढून दाखविले तेव्हा त्यांना पटले नाही. दोन मुलांना मैदानावर हात व पाय टेकून उड्या मारावयास लावल्या, तेव्हा पटले.

खुणा सापडल्यावर चालण्याची रीत बदलावी. सरळ रेषेत झपझप चालणाऱ्या माणसापासून ससा हलत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसते. माणूस जातो आहे हे तो पाहत असतो, आणि आपण दिसत नाही यावर भरवसा ठेवून बसून राहतो. अशा वेळी पाऊल जवळून जाईपर्यंत तो उठत नाही. परंतु चालता चालता माणूस मध्येच थांबला की त्याचा धीर सुटतो. म्हणून नागमोडी चालावे, आणि पंधरा-वीस पावलांनी उगाच थांबावे. उठला की तो पहिल्या काही उड्या सरळ मारतो आणि नंतर एकाएकी काटकोनात वळतो. चढ असेल तर चढाकडे जातो, कारण मागचे पाय लांब असल्याने चढण त्याला सोपी. त्याच्या मागे धावू नये. तो जेथून उठला तेथे जाऊन पाहावे : गवतात अंगाच्या आकाराची खळगी असेल, एका टोकाला, जेथे मागचा भाग टेकलेला असतो, ती थोडी अधिक खोल असेल. हात ठेवला तर ऊब लागते. आमच्या मते पळणारा ससा पाहण्यापेक्षा ही ऊब लागणे अधिक मोलाचे आहे.

'ससेहोलपट' हा शब्द आम्ही निबंधांत, अग्रलेखांत व न्यायालयाच्या वार्तापत्रांत रोज वाचतो. निर्वासितांची, विद्यार्थ्यांची, रुग्णांच्या नातेवाइकांची ससेहोलपट होते. ज्याने उठलेल्या सशामागे दोन कुत्री लागलेली पाहिली आहेत त्यालाच या शब्दाची खोली समजते. एक कुत्रे त्याला वळविते, दुसरे आडवे येते. तो पुन्हा वळतो, पहिले पुन्हा समोर. त्याला घर नाही. ज्याचे बीळ आहे तो बिळात शिरून सुटतो, याला केवळ वळत राहावयाचे. होलपट होते ती घर नसलेल्याची. विलायती सशाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून हा शब्द शिकविला तर त्यातील हा अर्थ निसटतो.

त्याच्या शेजारी कोशात बसलेला 'ससेमिरा' मात्र सशाचा कोणीही नव्हे, हे पुष्कळ अध्यापकांना सांगावे लागते. सिंहासनबत्तिशीच्या कथाचक्रात एका राजपुत्राची गोष्ट आहे. वाघाच्या भयाने झाडावर चढलेल्या या राजपुत्राला तेथील अस्वल आश्रय देते. तो विश्वासघाताने त्यालाच खाली ढकलू पाहतो, आणि शापाने वेडा होऊन 'ससेमिरा' एवढेच बोलत सुटतो. ती चार श्लोकांची चार आद्याक्षरे आहेत. ते श्लोक एकेक करून ऐकविल्यावर त्याचे एकेक अक्षर सुटते. म्हणून पाठ न सोडणाऱ्या तगाद्यास ससेमिरा म्हणतात. असाच चकवा 'वाघूर' या शब्दात आहे. सशांसाठी रानात लावण्याच्या जाळ्याचे हे नाव वाघावरून आलेले नसून संस्कृत 'वागुरा' म्हणजे जाळे यावरून आले आहे. ससाण्याचे एक संस्कृत नाव 'शशादन', म्हणजे सशाला खाणारा, असे आहे. मराठी शब्दात त्याचा ध्वनी ऐकू येतो. सशाचे शिंग तर आमच्या तर्कशास्त्राचे लाडके उदाहरण : नसलेली वस्तू दाखवावयाची तर शशशृंग. आणि नसलेल्या वस्तूंच्या त्या यादीत सशाच्या बिळासही जागा द्यावयास हरकत नाही.

ससा भित्रा ठरला तरी लोककथेने त्याला एका ठिकाणी मोठा मान दिला आहे, आणि ते ठिकाण आमच्यापासून फार दूर नाही. 1411 साली अहमदशहाने साबरमतीच्या काठी अहमदाबाद वसविले, ते तेथे शिकारी कुत्र्यावर उलटलेला ससा पाहून, अशी आख्यायिका गुजरातेत घरोघर सांगितली जाते. तुंगभद्रेच्या काठी विजयनगरासंबंधी हीच कथा सांगतात. दोन्हीकडे भूमीचे तेज सिद्ध करावयास कवीला सशाहून दुर्बळ प्राणी सुचला नाही.

आज ही भूमी त्याला पुरत नाही. कोतरांच्या उतारावर गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजली आहे; तिच्याखाली गवत धरत नाही, आणि गवत नाही तेथे बैठक नाही. सावली व वाघोडिया येथे कारखान्यांच्या वसाहती झाल्या. शहराच्या कडेची गौचरे एकेक करून भिंतींच्या आत गेली, आणि त्या भिंतींबाहेर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या. कोल्हा, खोकड आणि रानमांजर यांच्यापासून बचाव कसा करावा हे सशाला युगानुयुगे ठाऊक आहे. गावच्या उष्ट्यावर पोसलेल्या दहा-बारा कुत्र्यांपुढे त्याची विद्या चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे, पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. हे शिक्षकांनी मुलांना स्पष्ट सांगावे, कारण बाजारात मिळणारा पांढरा ससा पाळता येतो आणि रानातला नाही, हा भेद 'ससा' या एका शब्दातून त्यांना कळणे शक्य नाही. पाळून कंटाळा आलेला पांढरा ससा रानात नेऊन सोडणेही पुण्याचे काम नव्हे. करड्या गवतात पांढरा प्राणी पहिल्याच रात्री कोणाच्या तरी तोंडी पडतो.

सहलीला नेलेल्या मुलांना गवतात एकटे, निश्चल, डोळे उघडे ठेवून बसलेले पिलू दिसण्याचा संभव असतो. आई टाकून गेली असे वाटून मुले ते उचलतात, शाळेत आणतात, गाईचे दूध पाजतात, आणि दोन-तीन दिवसांत ते मरते. आईने ते टाकलेले नसते. युरोपातील सशांच्या अभ्यासात असे आढळले आहे की, आई पिलांना मुद्दाम एकटे ठेवते व दिवसातून एकदाच, सूर्यास्तानंतर, येऊन पाजून जाते. ती दिवसभर जवळ राहिली तर तिच्या वासावर शत्रू येतील. पिलू दिसल्यास त्याला हात लावू नये, त्याच्याभोवती घोळका करू नये, आलेल्या पावलीच मागे फिरावे. अंधार पडण्यापूर्वी मुलांना तेथून दूर न्यावे, म्हणजे आईला येता येईल.